पाय चालले की डोकं चालतं?

मल्टिपल स्क्लेरोसिस, रुग्णांच्या बोलण्यातलं ‘एमएस’, हा आपल्याकडे तसा विरळा आजार. भारतात लाखामागे पाच ते दहा माणसांना तो असावा असा अंदाज आहे. मुंबईच्या पारशी समाजात मात्र डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० साली लाखामागे २६ असं प्रमाण नोंदवलं होतं. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते, मग संदेश रखडतात किंवा मध्येच तुटतात. पाय ओढला जातो, एका डोळ्याला अंधुक दिसतं, हाताला मुंग्या येतात. हे डॉक्टरांना सांगता तरी येतं. पण जवळपास निम्म्या रुग्णांचं डोकंही मंदावतं. आठवण, लक्ष आणि विचाराचा वेग यांवर परिणाम होतो, आणि ते घरच्यांनाही पटवून द्यावं लागतं.

या रुग्णांच्या कानावर हल्ली एक वाक्य सारखं पडतं : चालत राहा, मेंदू चांगला राहील. या वाक्यात खरं किती आणि उत्साह किती, हा वाद मी दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. आत्या संख्याशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, मुक्काम कोथरूड, गेली बरीच वर्षं एमएस. भाचा फिजिओथेरपिस्ट, रोजचं काम मेंदूच्या रुग्णांबरोबर. दोघंही काल्पनिक आहेत. ते ज्यांच्यावरून भांडतात ते प्रयोग, त्यातले आकडे आणि सालं खरी आहेत.

भाचा : आत्या, काल घड्याळात किती पावलं झाली?

आत्या : घड्याळ चार्जिंगला होतं. मीही.

भाचा : म्हणजे परत खाडा.

आत्या : खाडा नोकरीत होतो. मी निवृत्त आहे.

भाचा : चेष्टा नको गं. मी तुझ्या पायांसाठी मागे लागत नाही. मेंदू वयाबरोबर सगळ्यांचाच आक्रसतो, पण उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये वर्षाला अर्धा ते सव्वा टक्का जातो. निरोगी माणसाच्या कितीतरी पट. चालण्याने तो टिकतो.

आत्या : कुणाचा टिकला?

भाचा : २०११चा प्रयोग घे. अमेरिकेत कर्क एरिकसन आणि मंडळींनी १२० वयस्कर माणसं घेतली. एका गटाला आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालवलं, दुसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग, दोन टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाचा दीड टक्क्याच्या आसपास घटला.

आत्या : त्या १२० जणांत एमएस किती जणांना होता?

भाचा : तो एमएसचा प्रयोग नव्हता.

आत्या : मग माझ्यासारख्यांचा सांग.

भाचा : २०१४. व्हिक्टोरिया लेव्हिट यांचा, न्यू जर्सीच्या केसलर फाउंडेशनमधला. एमएस आणि विसराळूपणा दोन्ही असलेली माणसं. तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास सायकल. हिप्पोकॅम्पस साडेसोळा टक्क्यांनी वाढला, स्मरणशक्तीचे गुण ५३.७ टक्क्यांनी.

आत्या : बाप रे. माणसं किती होती?

भाचा : सुरुवातीचा प्रयोग होता तो...

आत्या : किती?

भाचा : दोन.

आत्या : एक सायकलवर आणि एक स्ट्रेचिंगला! अरे, माझ्या एफवायच्या मुलाने दोन माणसांवरून दशांशापर्यंत टक्केवारी काढली असती तर मी त्याची वही न तपासता परत केली असती.

(लेव्हिटबाईंवर अन्याय नको. त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच हे निष्कर्ष प्राथमिक असल्याचं म्हटलं होतं. पण ५३.७ हा आकडा गावभर फिरला आणि ‘प्राथमिक’ हा शब्द घरीच राहिला. आरोग्याच्या बातम्यांत हे नेहमीचंच.)

भाचा : बरं, नेमकं चालण्यावर काम केलेला माणूस सांगतो. ब्रायन सँड्रॉफ. २०१५ मध्ये त्यांनी एमएसच्या २४ जणांना वेगवेगळ्या दिवशी ट्रेडमिलवर चालवलं, सायकल मारायला लावली, योग करायला लावला आणि एक दिवस नुसतं बसवलं. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर डोक्याची चाचणी घेतली. समोर बाणांची रांग असते, बाकीचे बाण फसवतात, मधल्याकडे बघून बटण दाबायचं. तिन्ही व्यायामांचा फायदा झाला, पण सगळ्यात जास्त चालण्याचा.

आत्या : त्या व्यायामानंतर लगेच?

भाचा : हो.

आत्या : म्हणजे तरतरी आली. ती मलाही येते. आठवड्याने, महिन्याने काय उरलं?

भाचा : तेही बघितलंय. बारा आठवडे ट्रेडमिलवर चालवून आधी-नंतर मेंदूची तपासणी केली. तीही साधी नाही. एमआरआयच्या यंत्रात डोक्याखालच्या उशीला बारीक कंप देतात. तो कंप मेंदूतून कसा पसरतो ते टिपलं की हिप्पोकॅम्पसची ऊती किती घट्ट आणि किती ढिली आहे ते कळतं. एमएसमध्ये आकार बदलायच्या आधी हे बदलत असावं असा त्यांचा तर्क. चालणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती आणि ही घट्टपणाची मापं बरोबरीने सुधारल्याचं त्यांनी २०१७ मध्ये लिहिलं.

आत्या : सुंदर कल्पना आहे. खरंच. माणसं?

भाचा : आठ.

आत्या : दोनावरून आठावर आलो. प्रगती आहे.

भाचा : आत्या, मोठा प्रयोग करायला पैसे लागतात, पैसे मिळवायला आधी लहान प्रयोग लागतो. सुरुवात अशीच होते.

आत्या : मान्य. लहान प्रयोगाला माझा विरोध नाहीच, लहान प्रयोगाच्या मोठ्या जाहिरातीला आहे. आणि मोठा प्रयोग झालाय, तो तू मला सांगत नाहीस. कॉगएक्स.

इथे जरा थांबून कॉगएक्सबद्दल सांगायला हवं, कारण आत्यांची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. टोरांटोचे अँथनी फाइन्स्टाइन यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतल्या अकरा केंद्रांत तो झाला. वाढत जाणाऱ्या एमएसचे, आणि डोक्याचा वेग मंदावल्याचं चाचणीत दिसलेले ३११ रुग्ण. चार गट : एकाला संगणकावरचा मेंदूचा सराव आणि एरोबिक व्यायाम, दुसऱ्याला खरा सराव आणि लुटुपुटीचा व्यायाम, तिसऱ्याला त्याच्या उलट, चौथ्याला दोन्ही लुटुपुटीचे. आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे. निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला.

मोजमाप होतं ते एका साध्या चाचणीने. कागदाच्या वरच्या ओळीत नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली एकेक अंक. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. चिन्ह बघायचं, वर नजर टाकायची, अंक सांगायचा, परत खाली. नव्वद सेकंदांत जितकी होतील तितकी. पाचवीतल्या मुलाला खेळ वाटेल.

आत्या : मी ती चाचणी दिली आहे. आयुष्यभर आकडे शिकवले मी. चिन्ह दिसत होतं, अंक माहीत होता, पण तो तोंडापर्यंत येईना. टीव्हीवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो ना, तसं माझं मलाच ऐकू येत होतं. ती मुलगी घड्याळ घेऊन बसलेली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी वर्गात प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी फळा का पुसायला लागले होते.

भाचा : हे तू कधी बोलली नाहीस.

आत्या : बोलून काय? सगळे म्हणाले असते, आमच्याही लक्षात राहत नाही हल्ली. ते सोड. कॉगएक्सचं सांग. ३११ माणसं, निकाल काय?

भाचा : गटागटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आत्या : आणि?

भाचा : आणि चारही गट सुधारले. हे महत्त्वाचं आहे, आत्या. लुटुपुटीचा गट म्हणजे काही खुर्चीत बसून नव्हता. त्यांना तोल सांभाळण्याचे आणि स्ट्रेचिंगचे व्यायाम होते. आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडायचं, माणसांत जायचं. त्याचाही उपयोग झाला असेल.

आत्या : किंवा तीच चाचणी पुन्हा दिली म्हणून हात बसला असेल. नऊ चिन्हं दुसऱ्यांदा बघताना ओळखीची वाटणारच.

भाचा : तेही असेल. पण मला आणखी दोन गोष्टी म्हणायच्यात. तो प्रयोग करोनाच्या साथीत सापडला, मधे केंद्रं बंद होती. आणि तिथे कुणी चाललंच नाही. टेकून बसायचं आणि हातापायांनी दांडे ढकलायचे, असल्या यंत्रावर व्यायाम होता. बसल्या-बसल्या.

आत्या : हे बरं आहे. लेव्हिटबाईंची सायकलही बसूनच होती. ती चालण्याच्या बाजूने साक्ष द्यायला आली तेव्हा तुला चालली. निकाल उलटा आल्यावर मात्र ते चालणं नव्हतं हे आठवलं.

भाच्याकडे याचं उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. एक मात्र भाच्याच्या बाजूने नोंदवतो. कॉगएक्समधली माणसं आजारात बरीच पुढे गेलेली होती, सँड्रॉफ यांची माणसं पूर्णपणे चालू शकणारी. ज्या मेंदूचं बरंच नुकसान आधीच झालंय त्याच्यावर बारा आठवड्यांत काही दिसलं नाही, म्हणून सुरुवातीच्या काळात काहीच होत नाही असं म्हणता येणार नाही. पण होतं असंही म्हणता येणार नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या शेकडो माणसांना वर्षभर चालवून बघितल्याशिवाय हा वाद मिटायचा नाही.

आत्या : डेन्मार्कचाही सांगून टाक. ऑर्हूसचा.

भाचा : ८६ जण, २४ आठवडे, दमदार एरोबिक व्यायाम. मेंदूच्या आक्रसण्यात दोन गटांत फरक नाही, हे खरं. पण छाती-फुप्फुसांची ताकद वाढली, आणि व्यायाम करणाऱ्यांत एमएसचे अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक बळावण्याचे झटके, कमी आले.

आत्या : अटॅक हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता ना?

भाचा : नाही.

आत्या : मग ती पुढच्या प्रयोगाची सुरुवात, या प्रयोगाचा निकाल नव्हे. तुला राग येतोय का?

भाचा : थोडा. कारण तू कागदावर बरोबर आहेस आणि मी रोज उलटं बघतो. ऊठ जरा. या पॅसेजमधून दारापर्यंत चालत जा आणि परत ये.

(आत्या जातात, येतात. डावा पाय किंचित घासतो, पण बरं चालतात.)

भाचा : आता तसंच, पण शंभरातून सात-सात वजा करत. मोठ्याने.

आत्या : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... पासष्ट...

(वजाबाकी एकही चुकत नाही. पण ‘बहात्तर’ला पावलं आखूड होतात, हात भिंतीकडे जातो आणि ‘पासष्ट’ला डाव्या पायाचा अंगठा सतरंजीच्या कडेत अडकतो. भाचा कोपर धरतो.)

भाचा : बघितलंस? हिशोब सांभाळलास आणि पाय सुटला. चालणं हे पायांचं काम आहे असं आपण समजतो. एमएसमध्ये ज्या वाटा तुटल्यात त्यांच्या जागी मेंदू आजूबाजूचे भाग कामाला लावून पाऊल उचलतो. म्हणून तू चालताना फोन वाजला की थांबतेस. म्हणून मी म्हणतो, चालणं हा मेंदूचा व्यायाम आहे.

आत्या : तू सिद्ध केलंस ते असं की मला चालायला मेंदू लागतो. चालल्याने मेंदू सुधारतो हे कुठे सिद्ध केलंस? माझा मेंदू चांगला असेल त्या दिवशी मी जास्त चालते. घड्याळातली पावलं आणि डोक्याचे गुण एकत्र वाढताना दिसतील, पण गाडा कोण ओढतंय ते त्या आलेखावरून कळणार नाही.

भाचा : मग काय, बसून राहायचं?

आत्या : ते मला एकदा सांगून झालंय. निदान झालं तेव्हा एका वयस्कर डॉक्टरांनी सांगितलं होतं, दगदग करायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. मी ते ऐकलं. टेकडी सोडली, जिने सोडले. त्यातली काही ताकद परत आली नाही.

भाचा : तो सल्ला तेव्हा सगळीकडेच होता. मूळ १८९०चं. विल्हेल्म ऊट्होफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने लिहून ठेवलं की या रुग्णांना श्रम केल्यावर दिसायला कमी होतं. त्यांना वाटलं श्रमाने. नंतर कळलं की ते उष्णतेने होतं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आवरण गेलेल्या तंतूतून संदेश अडतो, शरीर निवलं की पुन्हा वाहायला लागतो. एमआरआय येण्याआधी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे. लक्षणं बळावली की एमएस. हे तात्पुरतं असतं, त्यात तंतूचं नवं नुकसान होत नाही. पण भीती बसली ती बसलीच, शंभर वर्षं. १९९६ मध्ये यूटा विद्यापीठात जॅक पेटाजान यांनी ५४ रुग्णांचे दोन गट केले आणि एका गटाला १५ आठवडे रीतसर व्यायाम दिला. त्या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता बावीस टक्क्यांनी वाढली आणि कुणाचं आभाळ कोसळलं नाही. तिथून वारा फिरला.

आत्या : आणि व्यायामाने अटॅक वाढतात का?

भाचा : २०१४ मध्ये २६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. व्यायाम न करणाऱ्यांत ६.३ टक्क्यांना अटॅक आला, करणाऱ्यांत ४.६ टक्क्यांना.

आत्या : कमी झाले असं मी म्हणणार नाही. वाढले नाहीत, एवढं नक्की म्हणेन. आणि हा खरा कामाचा आकडा आहे. मला कुणी हा आधी सांगितला असता तर मी टेकडी सोडली नसती. तुम्ही मात्र मेंदूच्या घोषणा देता आणि हे पोटात ठेवता.

भाचा : आता उन्हाचं बोलू. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला तू बाहेर पडलीस, कोपऱ्यावर डोळ्यांपुढे धुरकट झालं आणि रिक्षा करून आलीस. चूक वेळेची होती. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं, तेव्हा निघायचं. निघण्याआधी ग्लासभर गार पाणी, मानेवर ओला पंचा. एका दमात अर्धा तास नाही, दहा मिनिटं, बसायचं, परत दहा मिनिटं. दिसायला धूसर झालं तर सावलीत बसायचं. निवल्यावर तासाभरात जायला हवं. नाही गेलं, आणि दिवस उलटला तरी तसंच राहिलं, तर ते उन्हाचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

आत्या : पहाटे निघायचं, पण कशावरून चालायचं? आपल्या फुटपाथवर निखळलेले पेव्हर ब्लॉक, त्यावर लावलेल्या गाड्या आणि उरलेल्या जागेतून येणारे दुचाकीवाले. परदेशातल्या ट्रेडमिलला कठडा असतो, वर पट्टाही बांधतात. एमएसची अर्ध्याहून जास्त माणसं तीन महिन्यांत एकदा तरी पडतात. माझं मनगट मोडलं तर तुझा हिप्पोकॅम्पस भरून देणार आहे का?

भाचा : म्हणून सोसायटीच्या आवारात चाल, पाय लटकतो त्याला घोट्याचा पट्टा लाव आणि काठी घे. काठीची लाज वाटते तुला, हे मला माहीत आहे.

आत्या : लाज नाही वाटत. काठी घेतली की गुण बदलतात. कुर्ट्झके यांची एमएसमधल्या अपंगत्वाची मोजपट्टी बघ, १९८३ची, अजून जगभर तीच चालते. चारच्या पुढे बराचसा हिशोब मीटरमध्ये. आधाराशिवाय पाचशे मीटर, तर चार. काठी घेऊन शंभर मीटर, तर सहा. दोन्ही हातांना आधार घेऊन वीस, तर साडेसहा. माझं डोकं त्या मीटरमध्ये जवळजवळ नाहीच. आणि तुमच्या बऱ्याच प्रयोगांत चार-पाचच्या आतली माणसं. जे चालतात त्यांनाच घेऊन चालणं चांगलं असं ठरवायचं.

भाचा : हे मान्य. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाबद्दल आमच्याकडे फार थोडं काम आहे.

आता भाचा त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा काढतो. माझ्या मते त्याने तो सुरुवातीलाच काढायला हवा होता.

भाचा : मेंदूत चालण्याने काय उगवतं ते बाजूला ठेव. तुझं बीपी किती असतं?

आत्या : गोळी चालू आहे.

भाचा : आजोबांना मधुमेह, बाबांना मधुमेह. २०१० मध्ये कॅनडाच्या रूथ अ‍ॅन मॅरी यांनी उत्तर अमेरिकेच्या नोंदवहीतले जवळपास नऊ हजार एमएसचे रुग्ण तपासले. ज्यांना बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयविकार असं काही नव्हतं, त्यांना निदानापासून चालायला आधार लागेपर्यंत साधारण १८.८ वर्षं गेली. ज्यांना होतं त्यांना १२.८.

आत्या : सहा वर्षं?

भाचा : सहा वर्षं. आणि चालण्याने बीपी आणि साखर आटोक्यात राहते याला दोन माणसांचे प्रयोग नाहीत, ढीगभर पुरावा आहे.

आत्या : पण तीही नोंदच आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही. साखर उतरवली म्हणून ती सहा वर्षं परत मिळतील असं त्यातून निघत नाही.

भाचा : नाही निघत. पण आपल्या घरातली साखर बघता त्यावर तू पैज लावशील की नाही?

आत्या : (बऱ्याच वेळाने) लावेन.

भाचा : मग काल का नाही गेलीस?

आत्या : कारण काल अंगात शिसं भरलं होतं. एमएसचा थकवा तू रोज बघतोस, पण तुला तो आलेला नाही. झोपून उठल्यावरही आंघोळीची बादली उचलवत नाही. अशा दिवशी तू विचारतोस, किती पावलं? तुझ्या प्रश्नात न बोललेलं एक वाक्य असतं. चालली नाहीस, म्हणजे मेंदू चालला तो तुझ्यामुळे. माझ्या पुढच्या एमआरआयमध्ये एमएसचा पांढरा डाग वाढला तर तो मी मंगळवारी चालले नाही म्हणून वाढला, असं मला वाटायला लावता तुम्ही. चालणं हे औषध आहे म्हणालात की न चालणं हा गुन्हा होतो. ज्याचा डोस कुणी ठरवलेला नाही, असं कसलं औषध?

भाचा : डोस अगदीच नाही असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय एमएस सोसायटीने २०२० मध्ये सांगितलंय, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम किंवा घरातली-बाहेरची हालचाल, जमेल तसं वाढवत. केर काढला, भाजी आणायला गेलीस, तेही धरायचं. कॅनडाचा २०१३चा सल्ला त्याहून सोपा आहे. अर्धा तास मध्यम व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम.

आत्या : दोनदा? आणि तू मला रोज विचारतोस.

भाचा : ...

आत्या : मी चालेन. पण मेंदूसाठी नाही. पायात जोर राहावा, साखर वर जाऊ नये, खालच्या मजल्यावर एकटीला जाता यावं म्हणून. डोकं सुधारलं तर वरकड कमाई. तू घड्याळ बघायचं नाहीस. बरोबर यायचं असेल तर ये.

इतक्यावर ते दोघं थांबतात. माझं म्हणाल तर पुराव्याच्या बाबतीत मी आत्यांच्या बाजूचा. एमएसमध्ये चालण्याने मेंदूचं भलं होतं याचे आजचे पुरावे लहान, आशादायक आणि कच्चे आहेत, आणि जे मोठे प्रयोग झाले त्यांनी तो दावा उचलून धरलेला नाही. पण चालावं की नाही, यात मी भाच्याच्या बाजूचा. चालण्याने क्षमता वाढते, अटॅक वाढत नाहीत, रक्तदाब आणि साखर आवरते. एवढं पुरेसं असताना मेंदूच्या नावाने जादा बिल फाडायची गरज नाही. एमएसची औषधं अटॅक आणि मेंदूतले नवे डाग कमी करतात, हे मात्र मोठमोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेलं आहे. चालायला लागल्यावर बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नयेत.

घरात एमएसचं माणूस असेल तर पावलं मोजण्याऐवजी पहाटे त्याच्याबरोबर निघा आणि त्याच्या वेगाने चाला. चालता-चालता त्याला प्रश्न विचारू नका. बोलायचं असेल तेव्हा बाकावर बसून बोला. आणि ‘चालण्याने मेंदू वाढतो’ असा मथळा दिसला की त्या प्रयोगात माणसं किती होती आणि त्यांच्यापैकी कुणाच्या हातात काठी होती का, एवढं बघा. मगच तो घरच्या ग्रुपवर पाठवा.